बोटीचा पाय

परवा शनिवारी इथे फ्लोरिडात एका मित्राच्या गॅरेजमध्ये दिवस घालवला. त्याच्या स्पीडबोटीच्या स्टर्नड्राइव्हचा खालचा भाग, म्हणजे लोअर युनिट, बदलायचा होता. मी आपला पाना देणारा हरकाम्या!

आधी गिअर ऑइल काढलं. ते दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, आणि चमचमत असेल तर दात झिजलेत, हे त्याने शिकवलं. मग नट सोडले, आत दडलेला एक बोल्ट शोधला आणि तो जड पाय हळूच खाली उतरला. नवीन युनिटचं नाक निमुळतं, आणि थंडाव्याचं पाणी आत घेणारी भोकं त्या नाकाशीच. वेगाच्या बोटीत ड्राइव्ह उंच बसवतात, पंखा अर्धा पाण्याबाहेर फिरतो. तेव्हा बाजूची भोकं उघडी पडतात आणि इंजिन तापतं.

काम चाललेलं असताना मनात आलं, हा पाय असा वेगळा काढता यावा, हे सुचलं कुणाला?

पूर्वी दोनच पर्याय होते. इंजिन बोटीच्या पोटात, त्याचा दांडा तळातून तिरका बाहेर. ताकद भरपूर, पण उथळ पाण्यात दांडा आपटला की संपलं. नाहीतर मागे टांगलेलं आउटबोर्ड. ते उचलता येई, पण त्या काळात त्याची ताकद बेताचीच. इंजिन आत आणि फक्त पाय बाहेर, तोही वळणारा आणि वर उचलता येणारा, असे प्रयत्न आधीही झाले होते. रुजले मात्र नाहीत.

मर्क्युरी आउटबोर्ड बनवणाऱ्या कार्ल कीकहेफरच्या कंपनीत चार्ली स्ट्रँग आणि जिम विन हे दोन इंजिनिअर होते. ही कल्पना कीकहेफरपुढे मांडली गेली, आणि त्याने ती उडवून लावली. १९५८ साली विन नोकरी सोडून बाहेर पडला, आणि घरच्या गॅरेजमध्ये त्याने नमुना जुळवला. त्याच वर्षी तो ओले बोटवेडबरोबर आउटबोर्ड लावलेल्या छोट्या बोटीतून कोपनहेगनहून न्यूयॉर्कला अटलांटिक ओलांडून आला. माणूस काय धाडसी असेल!

स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटातल्या हॅराल्ड विकलुंडला मात्र ही कल्पना पटली. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये ८० हॉर्सपॉवरचा अ‍ॅक्वामॅटिक लोकांपुढे आला.

आता गंमत बघा. ज्याने नाही म्हटलं, त्याच कीकहेफरच्या कंपनीने १९६१ मध्ये शिकागोच्या शोमध्ये मरक्रूझर आणला आणि पुढे याच बाजारात ती मोठी झाली. कल्पना नेमकी कुणाची, यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. नोकरीत असताना डोक्यात आलेला विचार मालकाचा की माणसाचा? मालकाने नको म्हटलेला विचारही त्याचाच का? आम्ही नोकरदार मंडळी सही करताना ती बारीक अक्षरांतली कलमं कुठे वाचतो! मीही वाचली नव्हती.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला विनची बाजू घ्यावीशी वाटते. पण स्ट्रँगचं काय? गॅरेजमधलं धाडस एकाचं असलं, तरी त्या आधीच्या गप्पा दोघांच्या असणार. कागदावर सही करणाराच तेवढा लक्षात राहतो.

आणखी एक. २०२१ साली मर्क्युरीने ६०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आणलं. त्यात वरचं इंजिन जागेवर स्थिर राहतं आणि वळतो तो फक्त खालचा पाय. म्हणजे एकेकाळी उडवून लावलेला विचार थोड्या वेगळ्या वेषात त्याच नावाखाली परत आला.

असो. संध्याकाळी नवीन तेल भरलं. गळती नाही हे बघून मित्राने हात पुसले आणि म्हणाला, "जुना पाय टाकू नकोस हं. कधीतरी लागेल."