चार प्लग, पाच वायरी आणि नांदुऱ्याची गाडी

खिशातला मोबाइल घरीच ठेवा, इथं त्याचं काही काम नाही. पायांत चपला मात्र असू द्या. साल १९५० च्या थोडं पुढचं, महिना वैशाखाचा, वेळ भर दुपारची. तुम्ही जळगाव जामोदच्या रस्त्यावर उभे आहात आणि फुफाटा चपलेत शिरून बोटांना चटके देतोय. उत्तरेकडे सातपुडा झळांमध्ये थरथरतोय. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, शेणाचा वास, कुठूनतरी भाजलेल्या मिरचीचा ठसका. आणि या सगळ्यातून एक वेगळाच आवाज येतोय. भक्‌, भक्‌, भक्‌... फट्‌!

त्या आवाजामागे चला. चिंचेखाली एक विलीज जीप उभी आहे. लढाईसाठी अमेरिकेत बनली, लढाई सरल्यावर लिलावात निघाली आणि आता बोनेटला आंब्याची डहाळी बांधून लग्नाचं वऱ्हाड वाहतेय. मागे माणसं कोंबून बसलीत. कुणाच्या मांडीवर पितळी डबा, कुणाच्या मांडीवर रडणारं पोर. नवरदेवाच्या फेट्याखालून घामाचे ओघळ गालांवर आलेत. संध्याकाळी नांदुऱ्याला रेल्वे गाठायची आहे, वाटेत पूर्णा ओलांडायची आहे, आणि जीप मिसिंग मारतेय, मधेच एखादा प्लग पेटत नाही.

मिस्त्री मान वर करतो. हात कोपरापर्यंत काळे, कानामागे विडी. तुम्ही मोकळे दिसलात, तेवढं त्याला पुरतं.

"रिकामे आहा ना भाऊ? या मंग इकडं. डोकं घाला खाली. पंख्यापासून दूर राहा फक्त."

तो उघड्या बोनेटवर जाड गोधडी टाकतो आणि तुम्हालाही तिच्यात घेतो. बाहेरचं ऊन एकदम बंद. आत काळोख आणि भट्टीसारखी धग. पेट्रोलचा वास डोक्यात चढतो, गरम रबराचा घशात बसतो. इंजिनाची थरथर दातांपर्यंत येते. जरा थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. दिसलं? वायरीवरून लोखंडाकडे एक निळी रेघ उडाली. तिथं अजून एक. वीज कडाडल्यावर हवेत उरतो तो तिखट वास आता तुमच्या नाकाशी आहे. प्लगपर्यंत जायची ती ठिणगी वाटेतच सांडतेय.

बाहेर येता तेव्हा वैशाखातलं ऊनही थंड वाटतं. मिस्त्री क्लिनर पोराकडे पाहतो. पोरानं सकाळी वऱ्हाडासाठी गाडी चकाचक केली होती, पूर्णेकाठच्या एका विहिरीवर, इंजिनासकट. हा सगळा खारपाणपट्टा. ते पाणी तोंडात धरवत नाही. वायरीवरच्या सुती विणीत ते मुरलं, आतलं रबर जुनं, तडकलेलं. ओलं मीठ विजेला वाट करून देतं. पोर मान खाली घालतं. मिस्त्री त्याला रागावत नाही, इंजिन फिरवायचं हँडल त्याच्या हातात देतो.

मग एक पत्र्याचा डबा उघडतो. आता निवड तुमच्यावर आहे. एक वायर भरपूर तांब्याची, बॅटरीला लावतात ती. एक घरातल्या दिव्याची. तिसरी सात मिलिमीटर जाडीची, वर रोगण दिलेली सुती वीण, आत रबर, आणि मधोमध तांब्याच्या मोजक्याच, केसासारख्या बारीक तारा. तुमचा हात पहिलीकडे जातो, सगळ्यांचाच जातो. मिस्त्री ती बाजूला सारतो. बॅटरी सहा व्होल्टची, तिथं करंट मोठा, म्हणून तांबं जाड लागतं. कॉइलमधून निघतात ते हजारो व्होल्ट, करंट मात्र नावाला. इथं जाडी लागते ती रबराची. तिसरी वायर तो दुमडतो, तड गेली का पाहतो, नखानं दाबतो, नाकाशी नेतो. "हे लावा."

माप घ्यायला सुतळी. प्रत्येक प्लगपासून डिलकोपर्यंत, म्हणजे ठिणगी चौघांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत, ती ज्या वाटेनं नेणार त्याच वाटेनं धरायची आणि मग वायर कापायची. चार प्लगांच्या चार, कॉइलची पाचवी.

कोणती वायर कोणत्या प्लगची हे ठरवायला आधी पहिल्या नंबरचा दाब शोधायचा. स्विच बंद आहे, चारही प्लग काढलेत. आता तुमचा अंगठा पहिल्या नंबरच्या भोकावर ठेवा. पोर हँडल फिरवतं. काही नाही... काही नाही... आणि अचानक आतली हवा अंगठा उडवून लावते. हाच तो दाब. मग सावकाश, इंजिनावरची खूण जुळेपर्यंत. डिलकोतला रोटर आता जिथं बोट दाखवतोय ते घर पहिल्या नंबरचं. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्या दिशेनं पुढे, पेटायच्या क्रमानं, तीन, चार, दोन.

प्लग बसले, वायरी लागल्या. चारही एकत्र करून सुतळीनं नीट बांधाव्यात असं तुम्हाला वाटतं. तुम्ही बांधायला लागताच मिस्त्री मनगट धरतो.

"शोभेसाठी नाई लावत आपुन ह्या. तिनाची आन्‌ चाराची जवळ नका येऊ देऊ."

कारण नीट ऐका. तीन नंबर पेटतो तेव्हा शेजारचा चार पेट्रोल-हवा भरून घेऊन नुकताच दाबायला निघालेला असतो. दोन्ही वायरी लांबवर चिकटून गेल्या तर एकीतल्या झटक्यानं दुसरीतही वीज जागी होते आणि चार अवेळी पेटतो. दोनाचं आणि एकाचंही तसंच. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र वाट. ओलांडायचीच वेळ आली तर आडवी ओलांडायची, सोबत चालायचं नाही. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, पंख्यापासून लांब, पत्र्याच्या धारेवर टेकू द्यायची नाही. ताणायचीही नाही, कारण इंजिन हलतं आणि वायरीला त्याच्यासोबत हलता आलं पाहिजे.

मिस्त्रीकडे ना मीटर आहे ना पुस्तक. त्याच्याकडे आहे तुमचा अंगठा, एक गोधडी, सुतळीचा तुकडा आणि त्याचे कान. आज कुणी जुनी जीप पुन्हा उभी करत असेल तर त्यानं देखणी वायर जरूर आणावी, पण तिच्या वाटेचा विचार आधी करावा. चांगली वायर चुकीच्या वाटेनं नेली तर गाडी मिसिंगच मारणार. हे त्या चिंचेखाली पक्कं ठाऊक होतं, आणि अशा हातांवर वऱ्हाडातली लग्नं वेळेवर लागत होती.

पोरानं हँडल मारलं. एकदा, दोनदा. आणि इंजिनानं धरलं! ऐका आता, मधली 'फट्‌' गेली, चारही प्लग सलग बोलतायत. गाडीतून एकच कल्ला उठतो, मांडीवरचं पोर रडायचं थांबतं, नवरदेव पहिल्यांदा हसतो. मिस्त्री कानामागची विडी काढतो. मागच्या फळीवर तुमच्यासाठी वीतभर जागा केलीय. चढा पटकन. पूर्णेपर्यंतचा फुफाटा तुमच्याही वाट्याला यायचाय, आणि नांदुऱ्याची गाडी कुणासाठी थांबत नाही.