मनोव्यथेची व्याख्या

इंग्रजी साहित्याच्या अध्यापिकेने वैद्यकाची दीक्षा घ्यावी, असा योग विरळाच. जॉन डन या कवीवर ग्रंथ लिहिणाऱ्या अमेरिकेतील नॅन्सी अँड्रियासन प्रसूतीनंतरच्या गंभीर जंतुसंसर्गातून वाचल्या आणि पुढे मनोविकारांच्या संशोधनाकडे वळल्या. आयोवा येथे त्यांनी भाजलेल्या रुग्णांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला. १९८० साली अमेरिकी निदानसंहितेत आघातोत्तर तणावविकार समाविष्ट झाला. त्याची व्याख्या मुख्यतः त्यांच्या लेखणीतून उतरली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची व्यथा दुबळेपणा नव्हे, व्याधी होय, हे त्यायोगे मान्य झाले. स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता म्हणजे केवळ भास आणि भ्रम, ही समजूतही अपुरीच होती. रुग्णाचे मौन, निरिच्छता, भावनांचे ओसरणे यांची मोजपट्टी त्यांनी त्याच दशकात सिद्ध केली. ज्याला घरचे आळशी म्हणत, त्याच्या मौनाचीही वैद्यक दखल घेऊ लागले.