दोन चाकांवरून चार चाकांवर : जॉन सर्टीस

१/ मोटारशर्यतींच्या इतिहासातील एका नोंदीत आजवर दुसरे नाव आलेले नाही. मोटारसायकल आणि फॉर्म्युला वन या दोन्हींचे जगज्जेतेपद मिळवणारा एकमेव शर्यतपटू म्हणजे इंग्लंडचा जॉन सर्टीस. त्याला मोटारीकडे वळवले ते मात्र एका मनाईने.

२/ जन्म १९३४चा, सरे परगण्यातील टॅट्सफील्डचा. वडील जॅक हे मोटारसायकलींचे विक्रेते आणि साइडकारचे शर्यतपटू. १९५६ ते १९६० या काळात इटलीच्या एमव्ही अगुस्ता कंपनीसाठी सर्टीसने ५०० सीसी गटात ४ आणि ३५० सीसी गटात ३ जागतिक विजेतेपदे मिळवली.

३/ परंतु १९५७च्या हंगामानंतर जिलेरा, मोटो गुझी आणि मोंडियाल या कारखान्यांनी माघार घेतली होती. एमव्हीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धीच उरला नाही. सर्टीसला मायदेशी स्वतःच्या मोटारसायकलीवरून आणखी शर्यती धावायच्या होत्या. कंपनीने त्यास नकार दिला. करारात इतर मोटारसायकलींना मज्जाव होता, चारचाकीचा मात्र उल्लेख नव्हता.

४/ मार्च १९६०, गुडवुड. केन टायरेलच्या कूपरमधून धावताना पहिल्याच मोटारशर्यतीत सर्टीस दुसरा आला. पहिला होता जिम क्लार्क. मे महिन्यात लोटसमधून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण, जुलैमध्ये ब्रिटिश ग्रां प्रीत दुसरा क्रमांक. त्याच वर्षी मोटारसायकलची दोन्ही जगज्जेतेपदेही त्याने राखली आणि अवघ्या २६व्या वर्षी दुचाकी शर्यतींचा निरोप घेतला.

५/ हे स्थित्यंतर सोपे नव्हते. मोटारसायकल वळणावर स्वारासह झुकते. त्याचे शरीर हाच तोल साधण्याचा एक भाग असतो. मोटारीत मात्र चार टायरांची पकड कोठे सुटते आहे, हे बसल्या जागी ओळखावे लागते. वळणाची रेषा निवडण्याची नजर आणि यंत्राची जाण, एवढीच शिदोरी दोन्हीकडे चालते.

६/ १९६३ मध्ये तो फेरारीत दाखल झाला आणि नूरबर्गरिंगवर पहिली ग्रां प्री जिंकला. १९६४ मध्ये नूरबर्गरिंग व मोंझा जिंकून तो अखेरच्या शर्यतीसाठी मेक्सिकोला पोहोचला, तेव्हा गुण होते : ग्रॅहम हिल ३९, सर्टीस ३४, क्लार्क ३०.

७/ फेरारीच्याच लोरेन्झो बांदिनीची धडक बसून हिल मागे पडला. शर्यत संपत आली असताना आघाडीवरच्या क्लार्कच्या इंजिनातील तेल गळून गेले. मग बांदिनीने सर्टीसला वाट दिली. डॅन गर्नी पहिला, सर्टीस दुसरा. सर्टीसचे गुण ४०, हिलचे ३९.

८/ यास केवळ दैव म्हणता येईल का? त्या वर्षी हिलने एकूण ४१ गुण मिळवले होते. परंतु नियमानुसार सर्वोत्तम ६ निकालच धरले जात. नशिबाचा वाटा होताच. तथापि नशिबाचा उपयोग होईल इतक्या जवळ पोहोचणे, ही सर्टीसची स्वतःची कमाई होती.

९/ पुढे माइक हेलवूड हा दुसरा दुचाकी जगज्जेता याच वाटेने आला. सर्टीसच्याच संघातून त्याने १९७२ची युरोपीय फॉर्म्युला टू स्पर्धा जिंकली. फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मात्र त्याला लाभले नाही. २०१७ मध्ये सर्टीसचे निधन झाले, तेव्हाही त्या नोंदीत त्याचे एकट्याचेच नाव होते.