पावतीत न लिहिलेली गोष्ट

बोरिवली पूर्वेला, कान्हेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची भातशेती होती. भात पोटरीला आलं की रात्री रानडुकरं उतरायची. आजोबा मचाणावर एकनळी बंदूक घेऊन बसायचे. परवाना पीक संरक्षणाचा होता. डुक्कर क्वचितच पडायचं, बार मात्र पार ओढ्यापर्यंत घुमायचा.

1957 साली बोरिवली बृहन्मुंबईत आली. हळूहळू शेतं बिनशेती झाली, बांधांवर चाळी उठल्या. डुकरांची वाट बंद झाली आणि बंदूक खुंटीला लागली. आजोबा मात्र दर रविवारी तिची नळी तेलाच्या फडक्याने पुसत.

ते गेले, तेव्हा दहाव्याला शेजारचे काका बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "परवाना म्हाताऱ्याच्या नावावर होता. आता ती भिंतीवर ठेवलीस तर गुन्हा होईल, बाबा."

काका बरोबर बोलले होते. 1878 चा इंग्रजांचा कायदा जाऊन 1959 चा शस्त्र कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. त्याचं 21 वं कलम सांगतं, की शस्त्र बाळगण्याचा हक्क संपला की ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. बाबांनी पोलिसांना लेखी कळवलं आणि फोर्टातल्या एका दुकानात बंदूक ठेवली. पावतीवर नंबर लिहिला, सही-शिक्का झाला.

दोन पावसाळ्यांनी बाबा बघायला गेले. नळीत गंज चढलेला, दस्त्याला चीर गेलेली. दुकानदार म्हणाला, "आली तश्शीच आहे." बाबांनी पावती उलटसुलट केली. नंबराशिवाय तिच्यावर काहीच नव्हतं.

ठेवीचा हा वाद फार जुना. याज्ञवल्क्य स्मृतीतही त्याचा विचार आहे: ठेव राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी पळवली, तर ठेवून घेणाऱ्यावर दोष नाही, पण मागूनही दिली नाही आणि मग गेली, तर त्याने भरून द्यावी. 1872 च्या करार कायद्यातलं 151 वं कलम याच वाटेने जातं. शहाणा माणूस आपल्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी दुसऱ्याच्या वस्तूची घ्यायची. तेवढी घेतली आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. ठेवलेली वस्तू बिघडली तर काळजी घेतली होती हे दाखवणं ठेवून घेणाऱ्याचं काम. पण ती देताना चांगली होती, हे आधी मालकाने दाखवायला हवं. बाबा तिथेच अडकले.

बंदुकीत आणखी एक गाठ असते. सोनाराकडचा दागिना मालकाने मागितला की परत मिळतो. बंदूक मालकाची असूनही परवाना नसेल तर त्याच्या हातात देता येत नाही. दिली तर दुकानदारच गुन्ह्यात अडकतो. म्हणजे तो एकाच वेळी मालकाचा राखणदार आणि सरकारचाही. वारसाला दोन वाटा उरतात. ठरलेल्या मुदतीत स्वतः परवाना मिळवून ती घ्यायची, नाहीतर परवाना असलेल्याला विकून पैसे घ्यायचे. मुदत टळली तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. त्याआधी नोटीस येते, म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात.

शेतच उरलं नव्हतं, मग बाबांना पीक संरक्षणाचा परवाना कुठून मिळणार? गंजलेली म्हणून पडत्या भावात बंदूक विकली. येताना गाडीत बाबा एक शब्द बोलले नाहीत.

हे सगळं जुनं झालं, असं वाटेल. पण 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली, आणि तिसरी एका वर्षात पोलिसांकडे नाहीतर दुकानात जमा करायला सांगितलं. निवडणुका आल्या की अजूनही परवानेवाल्यांना जमा करण्याचे आदेश येतात. पावत्या फाटतच राहतात.

बाबांच्या मागे ट्रंकेत ती पावती सापडली. तिच्या पाठीवर त्यांनी नंतर कधीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: "नळी स्वच्छ. दस्ता अखंड. तेल लावून दिली."

हे शब्द त्या दिवशी दुकानात, पावतीच्या पुढच्या बाजूला, शिक्क्याच्या वर लिहून घ्यायला हवे होते.