विक्रीमंच, ऑनलाइन

इंटरनेटच्या द्वारे मालाची मांडणी, मागणीची नोंद, रकमेचा स्वीकार व मालाची पाठवणी ही कामे ज्या संगणकीय व्यवस्थेवर एकत्रितपणे पार पाडली जातात, तीस ऑनलाइन विक्रीमंच असे म्हणतात. किरकोळ दुकानदार, कारागीर, गृहोद्योग व महिला बचत गट यांच्या दृष्टीने अशा मंचांचे तीन प्रमुख प्रकार आढळतात : (१) अनेक विक्रेत्यांचा माल एकाच ठिकाणी मांडणारी सामाईक बाजारपेठ, (२) विक्रेत्याचे स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ म्हणजेच स्वतंत्र दुकान आणि (३) निरनिराळ्या मंचांना समान नियमांनी जोडणारे खुले जाळे. मंचाची निवड ही वरकरणी तांत्रिक बाब दिसते. वस्तुतः गिऱ्हाइकांची वर्दळ कोठे आहे, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि जागा सोडावी लागल्यास विक्रेत्यास बरोबर काय नेता येते, या व्यापारातील जुन्याच प्रश्नांचे ते नवे रूप होय.

पूर्वपीठिका : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर या गावाचा इतिहास या प्रश्नांवर चांगला प्रकाश टाकतो. प्रवरेच्या काठी वसलेले हे जुने बाजाराचे गाव. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. या मार्गावरील जवळच्या स्थानकास बेलापूरचे नाव मिळाले. स्थानक मात्र मूळ गावात नसून काही किमी. अंतरावर होते. पुढे भंडारदरा धरण (१९२६) व प्रवरा कालवे यांमुळे परिसरात उसाची लागवड वाढली आणि हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. माल गाडीत चढविण्या-उतरविण्याची सोय जेथे होती, तेथे म्हणजे स्थानकाभोवती, नवी पेठ वसली. तिचेच पुढे श्रीरामपूर शहर झाले. तालुक्याचे ठाणे व मोठी बाजारपेठ तेथे स्थिरावली आणि व्यापाराचा मुख्य ओघ नदीकाठच्या मूळ गावाकडून तिकडे वळला. लोहमार्ग कोठून जावा हे गावातील दुकानदारांनी ठरविलेले नव्हते. त्याच्या परिणामांशी जुळवून घेणे तेवढे त्यांच्या हाती राहिले. मूळ गावात घर, पत व ओळखीचे गिऱ्हाईक. स्थानकाजवळ नवी वर्दळ, परंतु नवी जागा व नवी स्पर्धा, असे या निवडीचे स्वरूप होते.

व्यवहाराची नोंद कोणाच्या हाती असते, हाही जुनाच प्रश्न आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोष प्रामुख्याने सावकारांकडील कर्जरोख्यांवर होता. धनको व मालाचा खरेदीदार अनेकदा एकच असे आणि हिशेबही त्याच्याच वहीत राही. या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. बाजाराच्या नियमनाचा आरंभ वऱ्हाडात १८९७ च्या कापूस व धान्य बाजारविषयक कायद्याने झाला. मुंबई प्रांतात १९३९ चा आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कृषि उत्पन्न बाजारविषयक अधिनियम त्याच दिशेने पुढे आले. उघड लिलाव, प्रमाणित वजनमापे, परवानाधारक आडते आणि शेतकरी व व्यापारी यांचे प्रतिनिधित्व असलेली बाजार समिती ही या व्यवस्थेची प्रमुख अंगे होत. बाजाराच्या मालकाने वा नियंत्रकाने उभयपक्षी न्याय्य वागले पाहिजे, हे तत्त्व यातून मान्य झाले.

टपालाद्वारे विक्री : गावाबाहेरच्या गिऱ्हाइकापर्यंत थेट पोहोचण्याचा मार्ग लहान विक्रेत्यास प्रथम टपाल खात्याने खुला करून दिला. १८७७ मध्ये भारतात व्ही. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची पद्धत सुरू झाली. पोस्टमनने पार्सल देताना किंमत वसूल करावयाची व ती विक्रेत्याकडे पाठवावयाची, असे तिचे स्वरूप होते. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डरीचे कामही हाती घेतले. पुस्तके, औषधे, बी-बियाणे इ. माल या पद्धतीने दूरवर जाऊ लागला. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारल्यास ते विक्रेत्याकडे परत येई आणि खर्च त्याच्या अंगावर पडे. ऑनलाइन व्यापारातील ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सवलत आणि तिच्यातून उद्भवणारी परत आलेल्या मालाची समस्या या दोहोंचे मूळ येथे दिसते. या पद्धतीत पत्त्यांची वही विक्रेत्याजवळच राहत असे, हा तिचा मोठा गुण होता. १९२० मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर खबर ही पत्रिका म्हणजे कारखानदाराने गिऱ्हाइकांशी स्वतःचा थेट संबंध जोडण्याच्या प्रयत्नाचे मराठीतील एक ठळक उदाहरण होय.

सामाईक ऑनलाइन बाजारपेठा : भारतात इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने इलेक्ट्रॉनिक नोंदी व स्वाक्षऱ्या यांना कायदेशीर मान्यता दिली. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या बाझी डॉट कॉम या स्थळावर सामान्य व्यक्तीस व लहान विक्रेत्यास आपली वस्तू विक्रीस ठेवता येत असे. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबे कंपनीने ते विकत घेतले. २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकविक्रीने आरंभ केलेली फ्लिपकार्ट ही कंपनी पुढे सर्व प्रकारच्या मालाची बाजारपेठ बनली. २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात आपली बाजारपेठ उघडली. २०१६ पासून रुळलेल्या यूपीआय या देयकप्रणालीने लहान रकमा स्वीकारणे सुलभ केले.

या बाजारपेठांनी लहान विक्रेत्यास देशव्यापी गिऱ्हाईक, तयार देयकव्यवस्था व मालवाहतूक पुरविली. त्याबदल्यात विक्रीवर अडत घेतली जाते. वाहतूक, साठवण व जाहिरात यांचे आकार वेगळे असतात. मालाचा क्रम कोठे लागावा हे बाजारपेठेची आज्ञावली ठरविते आणि गिऱ्हाइकाशी संबंध मुख्यतः बाजारपेठेचा राहतो. या अवलंबनाचे परिणाम ईबेच्या भारतीय स्थळाच्या अखेरीत स्पष्ट झाले. २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेले व ऑगस्ट २०१८ मध्ये बंद करण्यात आले. गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांतून वर्षानुवर्षे साठलेली विक्रेत्याची पत त्या स्थळाशीच निगडित होती. माल दुसरीकडे नेता येत होता. पत मात्र नव्याने मिळवावी लागली.

बाजारपेठेचा चालक स्वतःच विक्रेता असावा काय, हा प्रश्नही या काळात पुढे आला. विदेशी गुंतवणूक असलेल्या कंपन्यांना २०१६ मध्ये केवळ बाजारपेठ चालविण्याची मुभा स्पष्टपणे देण्यात आली. स्वतःच्या मालाचा साठा करून तो ग्राहकांना विकण्याची नव्हे. फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम अधिक कडक झाले. काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला.

स्वतंत्र ऑनलाइन दुकान : स्वतःच्या नावाचे दुकान दोन प्रकारे उभारता येते. शॉपिफाय (कॅनडा, २००६) यासारख्या सेवेत मासिक भाडे भरून तयार दुकान मिळते. देखभाल व सुरक्षितता सेवा देणारी कंपनी पाहते. वूकॉमर्स (२०११) यासारखी मुक्त आज्ञावली विनामूल्य मिळते. परंतु संगणकीय जागेचे भाडे, दुरुस्ती व सुरक्षितता यांचा भार दुकानदारावर असतो. आज्ञावली मुक्त असली, तरी ती कायम टिकते असे नाही. मॅजेंटो या आज्ञावलीच्या २००८ मधील पहिल्या पिढीचा अधिकृत पाठिंबा जून २०२० मध्ये थांबला व तीवरील दुकानांना नव्या व्यवस्थेकडे वळावे लागले. स्वतंत्र दुकानात गिऱ्हाइकांची यादी दुकानदाराकडे राहते. वर्दळ मात्र आपोआप येत नाही. ती जाहिरात, ओळख व पूर्वीच्या गिऱ्हाइकांची शिफारस यांतून निर्माण करावी लागते.

निवडीचे निकष : (१) खर्च : अडतीचा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाढतो, दुकानाचे भाडे स्थिर असते. उदा., १,००० रु. किंमतीच्या वस्तूवर बाजारपेठेची अडत १५ टक्के म्हणजे १५० रु. आणि स्वतंत्र दुकानातील देयकसेवेचा आकार २ टक्के म्हणजे २० रु. मानल्यास दर मागणीमागे १३० रु. वाचतात. दुकानाचा मासिक स्थिर खर्च २,६०० रु. असेल, तर महिन्यास २० मागण्यांनी तो भरून निघतो. तथापि प्रत्येक मागणी मिळविण्यास जाहिरातीवर ८० रु. लागल्यास बचत ५० रुपयांवर येते व त्याच खर्चासाठी ५२ मागण्या लागतात. यावरून केवळ अडतीचे दर ताडून पाहणे पुरेसे नाही, हे स्पष्ट होते.

(२) मालाचे स्वरूप : ज्या वस्तूची तुलना मुख्यतः किंमतीवर होते, तिला सामाईक बाजारपेठेतील वर्दळ उपकारक ठरते, परंतु तेथे स्पर्धेमुळे नफा घटतो. येवल्याची पैठणी किंवा घरगुती मसाले यांसारख्या, विणकराच्या वा करणाऱ्याच्या नावावर खपणाऱ्या मालास स्वतंत्र दुकान अधिक अनुकूल असते. नाशवंत किंवा अवजड मालाच्या बाबतीत वाहतुकीची सोय हाच निर्णायक निकष ठरतो.

(३) कायदा : १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला; त्याच्या कायद्यानुसार ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्यास उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालमर्यादेच्या आतील व केवळ राज्यांतर्गत माल विकणाऱ्यांना काही अटींवर तीतून सूट मिळाली. परराज्यात माल पाठविताना मात्र हस्तकलावस्तूंसारखे अपवाद वगळता नोंदणी आवश्यक ठरते, मग विक्री बाजारपेठेतून होवो वा स्वतःच्या दुकानातून. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एक महिन्यात तिचे निराकरण करणे अपेक्षित आहे.

(४) स्थलांतरक्षमता : मालाची सूची, छायाचित्रे, जुन्या मागण्यांचा हिशेब आणि गिऱ्हाइकांनी संमतीने दिलेले पत्ते मंचावरून बाहेर काढून घेता येतात काय, हे करारापूर्वीच पाहणे इष्ट असते. संकेतस्थळाचे नाव दुकानदाराच्या स्वतःच्या नावे नोंदलेले असल्यास मंच बदलला, तरी दुकानाचा पत्ता बदलत नाही. गिऱ्हाइकांच्या माहितीची मालकी व जबाबदारी एकत्रच येतात. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यामुळे ही बाब अधिक महत्त्वाची झाली आहे.

खुले जाळे : बाजारपेठ व विक्रेता यांतील विषम संबंध कमी करण्याच्या हेतूने केंद्र शासनाच्या पुढाकाराने ओएनडीसी ही ना-नफा कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झाली व एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत तिचा प्रायोगिक आरंभ झाला. या जाळ्यात विक्रेता एका मंचावर व ग्राहक दुसऱ्या मंचावर असला, तरी व्यवहार होऊ शकतो. एकाच कंपनीकडे ग्राहक, विक्रेता व वाहतूक एकवटू नये, ही त्यामागील कल्पना आहे. तिचे यश पुरेसे ग्राहक या जाळ्यात येण्यावर व तक्रारींची जबाबदारी निश्चित होण्यावर अवलंबून आहे. बेलापूरच्या परिसरातच या विचाराला जुना आधार सापडतो. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झाले. प्रक्रियेचे साधनच उत्पादकांच्या सामाईक मालकीचे करणे, हे त्याचे तत्त्व होते. कारागीर व बचत गट यांनी मिळून एकच दुकान चालविल्यास भाडे, छायाचित्रण व जाहिरात यांचा खर्च विभागला जातो व गिऱ्हाइकांची यादी संस्थेकडे राहते.

व्यवहारात बहुसंख्य लहान व्यापाऱ्यांना कोणताही एक प्रकार पुरेसा ठरत नाही. ओळख नसताना सामाईक बाजारपेठेतून विक्रीस आरंभ करणे, मिळालेल्या अनुभवावर स्वतःचे दुकान उभारणे आणि दोन्ही काही काळ चालू ठेवणे, हा मार्ग तुलनेने कमी जोखमीचा मानला जातो. वर्दळीचे मार्ग बदलत राहतात, हे स्थानकाभोवती वसलेल्या पेठेने दाखवून दिले आहे. ज्याचा हिशेब, नाव व गिऱ्हाइकांशी असलेला संबंध स्वतःच्या हाती राहतो, त्या व्यापाऱ्यास असा बदल झेपतो; ज्याचे हे सर्व दुसऱ्याच्या जागेत अडकलेले असते, त्यास प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागतो.