शेडमधला आवाज आणि उरलेला पॅटर्न

(शिरोली एमआयडीसी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



'स्वतंत्र बँडचे नवे गॅरेज रॉक अल्बम' हा विषय संयोजकांनी फोनवर सांगितला, तेव्हा आम्ही दोनदा विचारलं, "नंबर चुकला नाही ना?" आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सत्तरी ओलांडली, आमचा आणि गिटारचा संबंध काय? पण पुढं त्यांनी जागा सांगितली, शिरोली एमआयडीसीतली ही शेड. मग आम्ही हो म्हटलं. कारण गॅरेज म्हणजे तरी काय? पत्र्याखालची जागा, हाताशी असेल ते सामान आणि करून बघायची खुमखुमी. पहिली पाळी संपवून इथं बसलेल्या मंडळींना ते आम्ही वेगळं समजावून सांगायला नको.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत १९६३ ते १९६७ या काळात गावोगावची पोरं घराच्या गॅरेजमध्ये गिटार, ड्रम घेऊन वाजवू लागली. शिक्षण बेताचं, ॲम्प्लिफायर स्वस्तातला, आवाज फाटलेला. पोर्टलंडच्या 'द किंग्जमेन' या बँडनं १९६३ साली 'लुई लुई' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. खर्च पन्नास डॉलरच्या आसपास. गायकाचे शब्द इतके अस्पष्ट की त्यात काहीतरी अश्लील असणार अशी तक्रार झाली आणि चक्क एफबीआयनं चौकशी केली. निष्कर्ष काय निघाला? तबकडी कोणत्याही वेगानं फिरवा, शब्द कळत नाहीत! हसू येतं, पण मुद्दा लक्षात घ्या. गाणं ओबडधोबड होतं, तरी ते तबकडीवर होतं. म्हणून चौकशी करता आली आणि म्हणूनच आज त्याच्याविषयी बोलता येतं.

त्या पोरांच्या संगीताला 'गॅरेज रॉक' हे नाव त्या वेळी नव्हतं, ते मागाहून रुळलं. १९७२ साली लेनी केय या माणसानं विसरलेल्या अशा सत्तावीस गाण्यांचा 'नगेट्स' नावाचा दुहेरी अल्बम संपादित केला. तो ऐकून पुढच्या पिढीनं स्वतःचे बँड काढले. फाउंड्रीच्या भाषेत सांगायचं, तर मोल्ड दर वेळी फुटतो. कास्टिंग बाहेर काढायचं तर तो फोडावाच लागतो. पण पॅटर्न रॅकवर शाबूत असेल, तर वीस वर्षांनीसुद्धा तेच कास्टिंग पुन्हा ओतता येतं. प्रत्यक्ष वाजवणं म्हणजे मोल्ड, आणि अल्बम म्हणजे पॅटर्न.

आता आपल्याकडं येऊ. साठच्या दशकात मुंबई, मद्रास, बंगलोर, शिलाँग इथं असेच बँड निघाले. परदेशी गिटार आयात करणं मुश्किल, त्यामुळं इथंच कुणाकडून तरी वाद्यं आणि ॲम्प्लिफायर करून घ्यायचे. त्यांची तबकडी कोण काढणार? ती काढली सिगारेट कंपनीनं. इंपीरियल टोबॅको कंपनी आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा घ्यायची. तिच्यातून १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षी दोन तबकड्या निघाल्या. शिलाँगचे 'फेंटोन्स', मद्रासचे 'कन्फ्यूजन्स', बंगलोरचे 'डायनोसॉर्स' आज जगभरचे शौकीन ऐकतात ते त्या दोन तबकड्यांमुळं. स्पर्धेत न निवडलेल्यांचं काय झालं? ते वाजले, आणि विरले. त्यांच्यात कुणी अधिक चांगले नव्हतेच, असं कुणाला म्हणता येईल?

इथं 'स्वतंत्र' या शब्दाकडं जरा थांबून बघावं लागतं. तुमच्याकडं जॉबवर्क आणि स्वतःचा प्रॉडक्ट असा फरक करतात ना? जॉबवर्कमध्ये ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, कारागिरी आपली. आपल्या बँडनी वर्षानुवर्षं इंग्रज-अमेरिकन गाण्यांचं जॉबवर्क केलं. त्यात कमीपणा नाही, हात त्यातूनच बसतो. पण मुंबईच्या 'रॉक मशीन'नं १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा ड्रॉइंगही आपलं झालं. पुढं तर मुंबईचा 'द लाइटइयर्स एक्सप्लोड', चेन्नईचा 'स्क्रॅट' असे बँड स्वतःच लिहू आणि वाजवू लागले. 'स्क्रॅट'च्या एका अल्बमच्या नावातच 'शेड' हा शब्द आहे! २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी कुणीही आपला अल्बम स्वतः विकायला ठेवू शकतो. सिगारेट कंपनीची वाट बघायला नको.

"पण सर, यात कोल्हापूर कुठं आलं?" असं तुमच्या मनात असेल. सांगतो. आवाज न उरण्याचं दुःख कोल्हापूरइतकं कुणाला ठाऊक असणार? उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. जयपूर-अत्रौली घराण्याचा हा मूळपुरुष आपल्या गावात गायला, आणि त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीतली एक चीज मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. शिष्येचा आवाज सूर्यमालेपलीकडं, गुरूचा आवाज कुठंच नाही. फरक गुणवत्तेचा नाही, तबकडीचा आहे.

आमच्या दर्शनांत यावर जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे, उच्चार त्याला फक्त प्रकट करतो. नैयायिक म्हणतात, छे, ध्वनी उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. मीमांसकांच्या डोळ्यांपुढं वेद होता, बेंजो नव्हता, हे मान्य. पण बेंजोच्या बाबतीत आम्ही नैयायिकांच्या बाजूनं आहोत, आणि त्याला कारण आहे.

बेंजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या बटणांचा. त्याचा पूर्वज ताइशोगोतो १९१२ साली जपानात नागोयाला जन्मला. तो आपल्याकडं आला, बुलबुलतरंग झाला, आणि आपल्या पोरांनी त्याला वीज जोडली. गॅरेज रॉक म्हणून आणखी वेगळं काय असतं? आमच्या शेजारी एक पॅटर्नमेकर राहायचे, याच एमआयडीसीत कामाला. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. बेंजोच्या तारांखाली चुंबक आणि तारेचं वेटोळं त्यांनी स्वतः बसवलं होतं. गणपतीत त्यांची पार्टी वाजू लागली की गल्ली घरात राहत नसे. एकदा त्यांनी आम्हाला एक कॅसेट दिली. "सर, सवडीनं ऐका."

आम्ही ऐकली नाही. काही वर्षांनी घाईत कोरी कॅसेट मिळेना, म्हणून तीच घेतली आणि तिच्यावर कांटवरचं आमचं व्याख्यान ध्वनिमुद्रित केलं.

मिस्त्री गेले. नंतर त्यांची मुलगी आली. "काका, बाबांचं वाजवलेलं काही तुमच्याकडं आहे का? तुम्हाला कॅसेट दिलीय म्हणायचे." आम्ही शोधली, लावली. तासभर आमचाच आवाज. मुलगी शांतपणे ऐकत होती. व्याख्यान संपलं, खर्र आवाज झाला, आणि टेपच्या शेवटी राहिलेला दीडेक मिनिट बेंजो वाजला. तिनं पदर डोळ्यांना लावला. आम्हाला मान वर करता आली नाही. कांटवर आमच्याहून बरं बोलणारे पुष्कळ आहेत, ते व्याख्यान गेलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून नवा अल्बम कुणी पुढं केला की 'चांगला आहे का?' हा प्रश्न आम्ही दुसरा विचारतो. पहिला प्रश्न, 'आहे का?' चांगलं-वाईट पुढचे लोक ठरवतील, पण ठरवायला त्यांच्या हातात काहीतरी हवं. तुमच्यापैकी जे बेंजो वाजवतात, गिटार वाजवतात, त्यांना एवढंच सांगणं आहे. मिरवणुकीआधी एक रविवार काढा. शेडची यंत्रं बंद ठेवा, मोबाइल स्टुलावर ठेवा आणि सलग तासभर वाजवा. खाली वादकांची नावं आणि तारीख लिहा. आवाज फाटला तर फाटू दे, 'लुई लुई'चाही फाटलाच होता. आणि कुणी आपलं वाजवलेलं हातात दिलं, तर ते त्याच आठवड्यात ऐका.

थांबतो. दुसऱ्या पाळीवाल्यांना उशीर नको.