शह, चेक आणि खजिना

पेढीवर वटणारा चेक आणि अंगातला चौकडीचा सदरा यांचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर सापडते, असे म्हटल्यास पुष्कळांस ती व्युत्पत्तिकारांची कसरत वाटेल. परंतु फारसी ‘शाह’ अरबांच्या मार्फत युरोपात गेला आणि जुन्या फ्रेंचमध्ये रूप पालटून इंग्रजीत ‘चेक’ झाला, हे निर्विवाद आहे.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्याचा जमाखर्च दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेजावर, रेघा आखलेले काळे कापड अंथरून आणि त्यावर सोंगट्या मांडून होई, आणि या पटावरूनच त्या दफ्तरास ‘एक्स्चेकर’ हे नाव पडले. वसूल भरणाऱ्या शेरीफास कागदी पावती मिळत नसे. लाकडी काठीवर हजार पौंडांस तळहाताच्या जाडीची, शंभरांस अंगठ्याएवढी, एकास जवाच्या पिकल्या दाण्याएवढी खाच पाडून ती काठी उभी चिरीत व उभय पक्ष एकेक फाक ठेवीत, म्हणजे लबाडीची सोयच नाही. (आमच्या कित्येक दफ्तरांनी ही युक्ती उचलावी!) १८३४ साली असल्या निरुपयोगी काठ्या पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळताना ती प्राचीन इमारतच बव्हंशी भस्मसात झाली.